उपग्रहाला आमचं कुळागर कसं दिसतं?

मराठी मंडळाच्या अंकात भूगोलाच्या बाईंनी काय लिहायचं, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो आणि दरवर्षी मी "पुढच्या अंकाला नक्की" म्हणून वेळ मारून नेते. या वर्षी विषय आपल्या पायांनी चालत घरी आला. तो आणला माझ्या काकांनी.

काका सत्तरीत राहतात. घरामागे ओहोळाला लागून कुळागर, त्याच्या वर उतारावर काजीचं भाट आणि भाटाच्याही वर, माथ्याकडे, कुणी कधी न लावलेलं रान. गेल्या मे महिन्यात मी गेले तेव्हा ते ओसरीवर एक नकाशा पसरून बसले होते. शेजारच्या मुलाने मोबाईलवरून काढून छापून आणलेला. सगळा डोंगर एकाच हिरव्या रंगात. कुळागर हिरवं, भाट हिरवं, रानही हिरवं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं : वनाच्छादन, मध्यम दाट.

"बाय, तू कॉलेजात हेच शिकवतेस ना? मग सांग, वर बसून त्यांना काजी आणि किंदळ एकच कशी दिसली?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की हे चहाबरोबर संपणारं उत्तर नाही.

काकांना नुसतं कुतूहल नव्हतं, धास्ती होती. गोव्यात 'खासगी वन' हा शब्द ज्याच्या नावावर डोंगराचा तुकडा आहे त्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वन म्हणजे शब्दकोशात ज्याला वन म्हणतात ते. जमीन सरकारची आहे की खासगी, हा प्रश्न वेगळा. मग प्रत्येक राज्याला आपल्याकडची अशी वनं शोधावी लागली. गोव्याने त्यासाठी जे निकष धरले ते असे : झाडांपैकी ७५ टक्के वनप्रजाती हव्यात, क्षेत्र किमान ५ हेक्टर हवं आणि पर्णछत्राची घनता ०.४ हून कमी नको. हे निकष फार कडक आहेत, घनता ०.१ आणि क्षेत्र १ हेक्टर धरा, अशी मागणी न्यायालयात गेली होती. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुनेच निकष कायम ठेवले.

म्हणजे जमीन विकता येईल का, घर बांधता येईल का, झाड तोडता येईल का, हे बऱ्याच अंशी एका आकड्यावर येऊन थांबतं. खाली उभं राहून वर पाहिलं तर शंभरातला किती भाग पानांनी झाकलेला आहे? चाळीसच्या वर, की खाली? काकांसारख्याला भीती ही, की आपली काजी कुणीतरी रानात मोजेल. मला दुसरीही भीती वाटते. ज्याला डोंगरावर बंगले उठवायचे आहेत त्याला हा आकडा ४१ वरून ३९ वर आणायला फार कुऱ्हाडी लागत नाहीत.

काकांच्या हातातला नकाशा मात्र या कायद्याचा नव्हताच. तो होता भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या पद्धतीचा. ही डेहराडूनची संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढते. तिच्या हिशोबात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर पर्णछत्र १० टक्क्यांहून जास्त असेल, तर ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कुठलं, कायदा काय म्हणतो, हे विचारायचंच नाही. १० ते ४० टक्के म्हणजे विरळ, ४० ते ७० मध्यम दाट, ७० च्या वर अतिदाट. काजूची बाग, माडांची बाग, रबराची लागवड, सगळं त्यात येतं. म्हणून गोव्याचा सुमारे ६० टक्के भाग वनाच्छादित असल्याचं आपण वर्तमानपत्रात वाचतो, पण कागदोपत्री वन म्हणून नोंदलेली जमीन राज्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढीच आहे. मधला जो फरक आहे त्यात आमच्या काकांचं भाट बसलेलं आहे. आकडा खोटा नाही. त्याला विचारलेला प्रश्नच तेवढा आहे.

हे ऐकून काका जरा सैलावले, पण मूळ प्रश्न सोडीनात. "ते ठीक. पण वेगळं दिसत का नाही?"

तर मुळापासून सांगते. पान लाल प्रकाश खातं, कारण हरितद्रव्याला अन्न तयार करायला तो लागतो. तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र पान परतवून लावतं. उपग्रह या दोन्ही प्रकाशांची मोजणी करतो. लाल कमी आणि अवरक्त जास्त परत आला, तर खाली हिरवं जिवंत काहीतरी आहे. या दोन मापांच्या गुणोत्तरातून एनडीव्हीआय नावाचा आकडा काढतात. १९७२ मध्ये पहिला लँडसॅट गेला तेव्हापासून जगभर हे चाललं आहे. युक्ती साधी आणि फार उपयोगाची. दुष्काळ, पिकं, वणवे, सगळं तिने कळतं.

पण तिची एक खोड आहे. पानांचे दोन-तीन थर झाले, की लाल प्रकाश जवळजवळ सगळा खाल्ला जातो. चौथा थर असला काय, आठवा असला काय, आकडा वर सरकतच नाही. भांडं भरल्यावर वरून ओतलेलं पाणी मोजता येत नाही, तसं. ऑगस्टमधलं गुडघाभर भातशेत आणि चाळीस मीटर उंच रान या एनडीव्हीआयला जवळपास सारखंच हिरवंगार वाटतं. शिवाय चित्राचा एक ठिपका जमिनीवर केवढा, तेही बघा. लँडसॅटचा ३० मीटर, वन सर्वेक्षणवाले वर्षानुवर्षं वापरत आले त्या आपल्या लिस-३ कॅमेऱ्याचा साडेतेवीस, युरोपच्या सेंटिनेल-२ चा १० मीटर. तीस मीटरच्या ठिपक्यात आमच्या कुळागरातले माड, पोफळी, केळी आणि मधला पाट, सगळं एकत्र कालवलं जातं.

खरी गोम इथे आहे. कुळागर म्हणजे मजल्यांची इमारत. सर्वांत वर माड, क्वचित एखादा आंबा किंवा फणस. त्याखाली पोफळी. पोफळीच्या खोडाला बिलगून वर गेलेली मिरवेल. त्याखाली केळी, आणि जमिनीलगत अननस, हळद, आलं. काजीचं भाट एकमजली : सहा-आठ मीटर उंच, छत्री पसरलेली, खाली पाचोळा आणि बोंडू. वरच्या रानात किती मजले आहेत हे तर मलाच नीट सांगता येत नाही. या मजल्यांच्या मांडणीला पर्णछत्राची रचना म्हणतात. शेकरू झाडावरून झाडावर जातं, सहसा जमिनीवर उतरत नाही, म्हणून त्याला सलग छप्पर लागतं. धनेशाला घरट्यासाठी जुन्या, उंच झाडाची ढोली लागते. नुसतं 'हिरवं' म्हटल्याने या दोघांना काहीच सांगितल्यासारखं होत नाही. झाडांत कार्बन किती साठलाय याचा हिशोबही उंचीवाचून होत नाही. हिरवेपणा पानात असतो, वजन खोडात.

मग उंची वरून मोजायची कशी? विहिरीत दगड टाकून 'डुबुक' ऐकू येईपर्यंत आपण मोजतो, तशी.

दगडाऐवजी लेझर. नासाचं एक यंत्र डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलं आणि तिथल्या जपानी प्रयोगशाळेच्या बाहेर बसवलं गेलं. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली, की 'जेडाय' होतं. 'स्टार वॉर्स' पाहिलेल्यांना हा विनोद कळेल. शास्त्रज्ञही सिनेमे बघतात. हे यंत्र सुमारे ४०० किलोमीटर वरून खाली लेझरचा क्षणभराचा झोत टाकतं. प्रत्येक लेझर सेकंदाला २४२ वेळा. झोत जमिनीवर पोचतो तेव्हा २५ मीटर व्यासाचं वर्तुळ झालेला असतो. त्यातला काही प्रकाश शेंड्यावरून परत फिरतो, काही मधल्या पानांवरून, आणि फटींतून खाली पोचलेला थोडासा जमिनीवरून. सगळा प्रवास एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पटीतही उरकतो. शेंडा आणि जमीन यांच्या प्रतिध्वनींत तीस मीटरच्या झाडाला फरक पडतो तो एका सेकंदाच्या पन्नास लाखाव्या भागाएवढा. तेवढा फरक ते मोजतं. मी वर्गात हे सांगते तेव्हा पोरं फळ्याकडे न बघता माझ्याकडे बघतात.

परत आलेल्या प्रकाशाचा आलेख काढला, की डोंगराच्या बाह्यरेषेसारखी वेडीवाकडी रेघ मिळते. पहिला चढ म्हणजे शेंडा, शेवटचा उंचवटा म्हणजे जमीन, मधले उंचवटे म्हणजे मजले. एकमजली भाटाला वर एक फुगवटा, खाली एक, मध्ये रिकामं. कुळागराला मधेमधे उंचवटे. हिरव्या रंगाने जे लपवलं ते या रेघेत उघडं पडतं.

यात मेख अशी, की हे यंत्र सगळी जमीन बघत नाही. तीन लेझर, त्यांच्या जमिनीवर आठ रांगा, रांगा एकमेकींपासून ६०० मीटरवर आणि एकेका रांगेत ठिपके ६० मीटरवर. हिशोब करा : एका फेरीत त्या पट्ट्याची दीडेक टक्का जमीनच प्रकाशात येते. बाकी सगळं मध्ये सुटलेलं. रांगोळीचे ठिपके पडले, रेघा ओढायच्या राहिल्या.

काकांच्या जमिनीवर एखादा ठिपका पडलाय का, ते मी शोधलं. हा सगळा तपशील फुकट मिळतो, बसायची चिकाटी हवी. कुळागरावर एकही नाही. भाटावर एकही नाही. दोहोंच्या मध्ये, जिथे उतार सुरू होतो तिथे, नेमका एक. आणि त्याने सांगितलेली उंची २७ मीटर.

काका हसले. "२७? तिथं तो एक आंबा आहे. त्याच्या शेंड्यावर पाडेली चढलाय. एवढा नाही तो."

ऑक्टोबरमध्ये माझे सात विद्यार्थी घेऊन मी तिथे गेले. त्याआधी कॉलेजात चॅपेलमागच्या वडावर सराव केला होता. कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला नट बांधलेला. झाडापासून २० मीटर दूर, उताराला आडवं, म्हणजे बुंध्याच्याच पातळीवर उभं राहायचं आणि शेंड्याचा कोन घ्यायचा. कोन आला ४० अंश. २० गुणिले टॅन ४०, अधिक डोळ्याची उंची. सव्वाअठरा मीटर. काका बरोबर, उपग्रह चूक?

चूक म्हणवत नाही. तिथे उतार २८ अंशांच्या आसपास आहे. २५ मीटरच्या वर्तुळाच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जमीनच १३ मीटर उतरते. आंबा वरच्या कडेला उभा. लेझरने त्याचा शेंडा धरला, पण 'जमीन' म्हणून जो प्रतिध्वनी धरला त्यात वर्तुळातली सगळी उतरती जमीन मिसळली. फासलेल्या त्या उंचवट्यात पायथा नक्की कुठला, हे यंत्राने ठरवलं आणि ते आंब्याच्या बुंध्याच्या बरंच खाली निघालं. त्यात भर म्हणजे ठिपक्याची जागाही दहाएक मीटर इकडेतिकडे होऊ शकते. सपाट प्रदेशातल्या रानाला जे यंत्र चोख मोजतं तेच सह्याद्रीच्या कड्यांवर असं अडखळतं. आपल्याकडे तर बहुतेक रान उरलंय ते कड्यांवरच, कारण सपाटीवरचं आपण केव्हाच घेतलं.

त्याच दिवशी दुसरं एक काम केलं. प्लास्टिकच्या पाइपाचा वीतभर तुकडा घेतला, तोंडावर दोन दोरे आडवे-उभे ताणले. ठराविक पावलं चालायची, थांबायचं, नळीतून सरळ वर बघायचं. दोऱ्यांच्या फुलीवर पान आलं तर एक, आकाश आलं तर शून्य. असे शंभर थांबे भाटात, शंभर कुळागरात, शंभर वरच्या रानात. मुलांच्या माना दुखल्या. एकाच्या डोळ्यात मुंगी पडली. संध्याकाळी ओसरीवर बेरीज केली. रान ८६. भाट ७२. कुळागर ५८.

काकांनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. काजीच्या छत्र्या एकमेकींत घुसलेल्या असतात, त्यामुळे आकाश थोडं दिसतं. पोफळीचा शेंडा लहानसा, माडाच्या झावळांतून ऊन गळतं, म्हणून कुळागर 'विरळ'. नुसती घनता बघितली तर एकमजली भाट 'अतिदाट' आणि पाच मजली कुळागर त्याच्या एक पायरी खाली. ज्या एका आकड्यावर लोक कोर्टापर्यंत भांडतात तो आकडा मजल्यांबद्दल अवाक्षर काढत नाही, हे मी वर्गात दहा वर्षं सांगत आले होते. मला स्वतःला ते पटलं त्या संध्याकाळी.

मग या ठिपक्यांचा उपयोग काय, असं एका मुलीने विचारलं. उपयोग आहे. जिथे ठिपका पडला तिथली उंची लेझरने सांगितली. त्याच जागेचं रंगीत चित्र लँडसॅट किंवा सेंटिनेलकडे आहे. अशा लाखो जोड्या संगणकाला दाखवायच्या. हा रंग, ही सावली, हा पोत दिसला तर उंची साधारण एवढी, असं तो शिकतो आणि मधल्या सुटलेल्या जागा भरतो. मेरीलँड विद्यापीठाच्या लोकांनी या रीतीने ३० मीटरचा जगाचा उंचीनकाशा २०२१ मध्ये दिला, झुरिकच्या ईटीएचच्या मंडळींनी १० मीटरचा २०२३ मध्ये. नकाशा बघायला फार सुंदर. पण अशा पद्धतीला फार उंच झाडं थोडी ठेंगणी करायची सवय असते. अपवादाकडे तिचं लक्ष कमी. आणि लाल-अवरक्त चित्रं असल्यामुळे ढग आले की खेळ खलास. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश बंद. नेमक्या ज्या महिन्यांत रान सर्वांत जास्त वाढतं त्याच महिन्यांत उपग्रहाला ढगांचा कापूस दिसतो.

त्यावर उपाय रडारचा. रडार आपली लहर आपणच पाठवतं, ती ढगातून आरपार जाते, रात्रही चालते. लहर किती लांब, त्यावर ती कशाला अडखळते ते ठरतं. पाच-सहा सेंटिमीटरची लहर पानांना आणि काटक्यांनाच अडकते. २४ सेंटिमीटरची पानांतून आत शिरते आणि फांद्या, खोडं यांच्यावरून परतते. ७० सेंटिमीटरची त्याहून खोल. पोफळीच्या बागेत वाऱ्याला पान हलतं, खोडाला मात्र वादळ लागतं, तसंच हे. युरोपचा 'बायोमास' नावाचा उपग्रह ती ७० सेंटिमीटरची लहर घेऊन २९ एप्रिल २०२५ ला गेला. त्यानंतर तीन महिन्यांनी, ३० जुलैला, श्रीहरिकोट्याहून आपला आणि नासाचा मिळून केलेला 'निसार' गेला. लांब लहरीचं यंत्र नासाचं, तिच्याहून आखूड, दहाएक सेंटिमीटरच्या लहरीचं इस्रोचं, आणि दोघांना मिळून छत्रीसारखी उघडणारी १२ मीटर व्यासाची जाळी. तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. म्हणजे आमच्या सत्तरीवरून एका पावसाळ्यात दहाएक फेऱ्या.

रडारलाही डोंगर सोडत नाही, हे लगेच सांगायला हवं. ते तिरकं बघतं, त्यामुळे त्याच्याकडे तोंड केलेला उतार दबलेला दिसतो आणि पाठीमागचा सावलीत जातो. झाड कुठलं, काजी की किंदळ, हे तर ते सांगतच नाही. त्यासाठी कुणाला तरी पायांनी डोंगर चढून पान हातात घेऊन बघावं लागतं. कायद्यातले ते ७५ टक्के वनप्रजातींचं कलम म्हणूनच मला घनतेच्या कलमापेक्षा जास्त शहाणं वाटतं. ते खुर्चीवर बसून पूर्ण करता येत नाही.

निघताना मी काकांना आमच्या तीन आकड्यांचा कागद नीट लिहून दिला, खाली तारीख, पद्धत, सगळ्या मुलांच्या सह्या. कुणी विचारायला आलं तर दाखवा म्हटलं. त्यांनी तो घडी करून पंचांगात ठेवला.

"म्हणजे आता पावसातसुद्धा दिसणार त्यांना?"

"दिसणार."

"मग आषाढात तो पाटाकडचा माड पडला, तो दिसला असेल?"

एक माड नाही दिसणार, काका, म्हटलं. ओळच्या ओळ पडली तर दिसेल.

"ओळ पडली तर मलाच दिसेल," ते म्हणाले आणि मुलांना शहाळी काढून द्यायला पाडेल्याला हाक मारायला गेले.